कुणाच्या घरचं विरजण

गुरुवार, ८ जानेवारी २०२६
दवाखाना, दुसरा मजला

आत्या,

पुंजाराम नाना छावणीच्या गुरुवारच्या बाजाराला आले होते, तिथून बाळाला बघायला इकडं आले म्हणून सापडले. त्यांना जिन्यात बसवून ठेवलंय. हे पत्र तेच तुला मेंढरांच्या तळावर जाऊन वाचून दाखवतील. तोंडी निरोपच देणार होते, पण तुझ्या ह्या दिराच्या तोंडून निरोप गेला की त्याला तिखटमीठ लागतंच, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? (नाना, रागावू नका. जसं लिहिलंय तसंच वाचा. खोकायला थांबलात तर चालेल, भर घालायला थांबू नका.)

फोन तू घेत नाहीस. पोटच्या पोराचा, बिभीषणचा तर घेत नाहीसच, माझाही नाही. नानांच्या फोनवर लावला तर नाना म्हणतात, "घ्या वैनी, तुमच्या सुनंचा हाय," आणि मग मला नुसती मेंढरं ऐकू येतात.

आणि मी काही खुशाली कळवायला बसलेली नाही. डॉक्टर मोनिका मॅडमना एक गोष्ट कळायला हवी आणि ती तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. सोमवारी तू वाटीतल्या दुधात जे घातलंस, ते तेवढं एकदाच, की त्याआधीही घातलं होतंस?

माझे टाके ओले, मला चालता येत नाही, म्हणून मी दूध काढायची आणि तू वाटी झाकून काचपेट्यांच्या खोलीपर्यंत न्यायचीस. दुसऱ्या कुणाच्या हातात ती वाटी द्यायला मी तयार नव्हते. सोमवारी संध्या सिस्टरनी झाकण काढलं तर दुधात बारीक कण दिसले. त्यांनी वास घेतला, तुला विचारलं. तू जराही लपवलं नाहीस. कनवटीची डबी काढून म्हणालीस, "आमच्या घरचं इरजण हाय, बाई. तळावरनं आनलंय." सिस्टर सांगत होत्या, आजींनी डबी अशी उघडून दाखवली की जणू आत सोनं आहे.

मंगळवारी बाळाचं पोट फुगलं. ताठ झालं, वरची कातडी चकाकायला लागली, नळीतून हिरवं पाणी परत आलं. दूध बंद केलं, दुधातून द्यायचे ते थेंबही बंद केले. मग जिन्यात बिभीषण तुला काय बोलला ते मला कुणी धड सांगत नाही. मी भिंत धरत धरत दारापर्यंत येईतो तू गेली होतीस.

तू हे का केलंस, ते मला कळतं. मॅडमनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. बाळ सातव्या महिन्यात आलं, त्याचं आतडं अजून कच्चं आहे. पुऱ्या दिवसांचं बाळ आईच्या अंगावरून, घरातून चांगले जंतू घेतं. ह्याला जन्मल्या जन्मल्या काचपेटीत ठेवलं, वर औषधांचा मारा. त्याच्या पोटात वाईट जंतूंनी आधी ठाण मांडलं तर आतडं सडायला लागतं. म्हणून ओळखीचे चांगले जंतू आम्ही दुधातून थेंब थेंब देतो. तू पदर सावरून म्हणालीस, "म्हंजी इरजणच की वो." आणि मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अगदी बरोबर आजी, विरजणच समजा."

त्या तेव्हा हसल्या नसत्या तर बरं झालं असतं.

तर एकदा की जास्त वेळा, एवढंच सांग. नानांना फोन करायला लाव. मी रागानं विचारत नाही. हे खोटं आहे, रागानंच विचारतेय. पण उत्तर दे.

प्रांजली


गुरुवार, १५ जानेवारी
दवाखाना

आत्या,

तुझं उत्तर नानांनी त्याच दिवशी फोनवर सांगितलं. "एकदाच. बोटाच्या टोकावर मावंल येवढंच. बिरोबाची आन." मी ते मॅडमना जसंच्या तसं सांगितलं, बिरोबासकट. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग झालं.

मग झालं म्हणजे काय, ते नीट ऐक. ती वाटी संध्या सिस्टरनी आत नेऊन मोरीत ओतली होती. तुझी डबी बघून झाल्या झाल्या, तुझ्यामागं. त्या दुधातला एक थेंब बाळाच्या नळीत गेला नाही. तू घातलंस ते बाळाच्या पोटात गेलंच नाही. नाना, हे पुन्हा वाचा. गेलंच नाही. त्याचं पोट फुगलं ते तुझ्यामुळं नाही.

"मग का फुगलं?" असं मीही विचारलं. मॅडम म्हणाल्या, एवढ्या लवकर आलेल्या बाळांना हे होतं. थेंब दिले तर कमी जणांना होतं, पण कुणालाच होणार नाही असं नाही. कच्च्या आतड्याला कारण लागतंच असं नाही.

बाळ बरं आहे. काळजी करू नको.

इथं मातांच्या खोलीत आम्ही सगळ्या ओळीनं बसतो, दूध काढतो. बाळाला सध्या देत नाहीत, पण दूध आटू नये म्हणून काढायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. प्रत्येकीच्या मागं एक बाई बसलेली असते. कुणाची आई, कुणाची सासू. माझ्या मागं भिंत. शेजारच्या खाटेवरची आवडाबाई, तिच्या सुनेला जुळं झालंय, ती मध्येच माझ्याही पाठीवरून हात फिरवते. हात चांगला आहे तिचा. पण ती मला 'बाळा' म्हणते आणि मला तुझं 'ए भवाने' ऐकायचं असतं. दूध निम्म्यावर आलंय. सिस्टर म्हणतात, मनात काही ठेवू नका. मनात काय ठेवायचं आणि काय नाही, हे जणू माझ्या हातात आहे.

बिभीषण कंपनीतून सुटला की बजाजनगरला खोलीवर जात नाही, वाळूजहून सरळ इथं येतो. युनिफॉर्मवरच. काचेच्या बाहेर उभा राहतो. डबा उघडत नाही. तुझं नाव काढलं की बुटाची लेस सोडतो आणि परत बांधतो.

एक सांगायचं राहिलं. मी मॅडमना माझी गोष्ट सांगितली. माझी आई मला जन्म देऊन गेली, बापाला लेकरू कसं धरतात हे माहीत नव्हतं, तेव्हा तू मला पदरात बांधून मेंढरांमागं हिंडलीस. शेळीचं दूध उकळून कापसाच्या बोळ्यानं पाजलंस, आणि थोडी मोठी झाल्यावर घरच्या दह्याचं बोट चाटवलंस. "तुला अशीच जगवली," हे तू मला हजारदा ऐकवलंयस. बहुतेक वेळा मी भाकरी करपवली तेव्हा. मॅडमनी विचारलं, "तुम्ही पुऱ्या दिवसांच्या होतात का?" मी म्हटलं, आत्या म्हणते, टोपलीत मावत नव्हते. त्या म्हणाल्या, "मग तुमचं आतडं तयार होतं. ह्या बाळाचं नाही. आजींचा विचार चुकला नाही, बाळ वेगळं आहे."

मी तुझी भाची आधी आणि सून नंतर. मी सांगते ते तरी खरं मान.

प्रांजली


गुरुवार, २२ जानेवारी
दवाखाना

आत्या,

नानांनी फोनवर सांगितलं. तू म्हणालीस म्हणे, "पोरगी माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून लिव्हतीय. वाटी वतली न् काय न् काय."

तुझं अर्धं बरोबर आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं, पण ते दुसरं. बाळ बरं आहे असं लिहिलं तेव्हा बाळ श्वासाच्या मशीनवर होतं. सर्जन येऊन पोटाला हात लावून गेले होते. सारखे पोटाचे एक्स-रे काढत होते, आतड्याला भोक पडलं तर पोट उघडावं लागणार होतं. एवढंसं पोट, आत्या, त्यात उघडायला आहे काय? मी ते लिहिलं नाही, कारण नाना मोठ्यानं वाचणार, तू ऐकणार, आणि तुझ्याजवळ तेव्हा कोण असणार? मेंढरं. म्हणून लिहिलं, बरं आहे. वाटीचं मात्र खरं आहे. संध्या सिस्टरना विचार. एक खोटं लिहिलं म्हणून दुसरं खरं होतं ते काही खोटं ठरत नाही.

आता मात्र खरोखर बरं आहे. पोट मऊ पडलंय. हिरवं यायचं थांबलं. मशीन काढलं, नाकाशी नुसती बारीक नळी आहे. परवापासून दूध सुरू केलं, माझंच, फ्रीजमधलं. पहिल्यांदा जेवढं दिलं तेवढ्यानं चिमणीची चोचही ओली झाली नसती, पण त्यानं ते पचवलं. संध्या सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "पचवलं हो!" आणि मी आवडाबाईच्या गळ्यात पडून रडले. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं, तिनंही गळा काढला.

आता मला तुझं मत हवंय.

मॅडम म्हणतात, दूध वाढतंय तर ते थेंब पुन्हा सुरू करू. हे दुखणं उलटू शकतं, थेंबांनी तो धोका कमी होईल. बिभीषण ऐकत नाही. त्यानं मॅडमच्या तोंडावर सांगितलं, "जंतू नगंत." त्या समजावत होत्या आणि हा आपला खाली बघून तेच, जंतू नगंत. बाहेर आल्यावर मी भांडले तर म्हणाला, "आईनं घातले ते बी जंतूच, हे बी जंतूच. एकदा निस्तरलं, बास झालं. ह्याला काय झालं तर म्या कुनाला जिन्यात गाठू?"

मॅडम मला म्हणाल्या, आईची सही पुरते. पण माझा हात धजत नाही. बिभीषण घाबरलाय तशी मीही घाबरलेय, फक्त मी बोलून दाखवत नाही. सही केली आणि काही झालं तर? नाही केली आणि झालं तर?

तू काय म्हणतेस? हो म्हण किंवा नको म्हण. बाकी काही नको. तुला विचारल्याशिवाय ह्या घरात कधी लसणाची पाकळी सोलली गेली नाही. कुठली मेंढी जुळं देणार, तळ कुणाच्या शिवारात टाकायचा, माझी बारावी व्हायच्या आत लग्न करायचं की नंतर, बजाजनगरच्या खोलीला निळा रंग द्यायचा की पिवळा. खोली बघितलीही नव्हतीस, तरी पिवळा म्हणालीस आणि पिवळाच दिला. मला तुझा तो आगाऊपणा इतका हवासा होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

नाना, हे नीट वाचा आणि उत्तर आजच सांगा. मॅडम सोमवारपर्यंत थांबणार आहेत.

प्रांजली


गुरुवार, २९ जानेवारी
दवाखाना

आत्या,

"मला नगा इचारू. मला कळत नाय."

नानांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, नक्की आत्याच बोलली? दुसऱ्या कुणाला विचारून तर नाही आलात? तू? तुला कळत नाही? तलाठ्याला सातबारा समजावून सांगणारी बाई तू. एवढा राग मला वाटीच्या दिवशीही आला नव्हता. फोन ठेवला आणि खाटेवर पाठ फिरवून पडून राहिले. तू आमच्यापासून दूर गेलीस ते मी समजू शकत होते. पण तू स्वतःलाच सोडून गेलीस हे मला सहन होईना.

मग राग निवल्यावर एक आठवलं. माझं लग्न झालं त्या हिवाळ्यात तळ गंगापूरकडं होता. कुत्र्यानं विरजणाचं गाडगं पालथं केलं. सगळे हळहळले. तू कितीतरी दिवस नुसतं दूध पीत राहिलीस, पण शेजारच्या मळ्यातली बाई आपलं विरजण घेऊन आली तर ते घेईनास. आधी तिला बसवून घेतलंस. कुणाच्या घरचं? कुणाच्या हातचं? गाईचं का म्हशीचं? गाडगं कशानं धुता? घरात कुणी आजारी? ती बिचारी उपकार करायला आली होती आणि तू तिची फौजदारासारखी उलटतपासणी घेतलीस. मला लाज वाटली होती. ती गेल्यावर म्हणालीस, "इरजण म्हंजी दुसऱ्याचं घर आपल्या दुधात घ्यायचं. इचारल्याबिगर कसं घ्यायचं?" आणि मग घेतलंस.

मी उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले. त्यांना विचारलं, "मॅडम, हे विरजण कुणाच्या घरचं?"

त्या आधी हसायला लागल्या, मग थांबल्या. मागच्या वेळेचं हसणं त्यांनाही आठवलं असावं. फ्रीजमधून छोटी बाटली काढली आणि खोक्यावरचं एकेक वाचून दाखवलं. जंतूचं नाव लांबलचक आहे, मला लिहिता यायचं नाही. कुठं तयार होतं, थंड का ठेवायचं, ह्यात दुसरं काही मिसळलेलं नाही हे कसं तपासतात. एवढ्याएवढ्या बाळांना देऊन, वर्षानुवर्षं बघून मग ठरवलंय, म्हणाल्या. मी विचारलं, "आणि आमच्या घरच्या विरजणात काय असतं?" त्या म्हणाल्या, "चांगलंच असणार, तुम्ही सगळे त्यावर वाढलात. पण त्यात कोण कोण राहतं हे कुणी पाहिलेलं नाही. मोठ्या माणसाला चालतं. ह्याला ओळखीचाच पाहुणा द्यायचा."

मी विचारलं, ह्यात धोका नाहीच का? त्या म्हणाल्या, आहे. फार क्वचित हाच जंतू आतड्यातून रक्तात शिरतो. म्हणून आम्ही लक्ष ठेवतो, तसं वाटलं तर लगेच औषध देतो. पण न देण्यातला धोका ह्याच्यापेक्षा मोठा आहे. धोका आहे असं त्यांनी तोंडानं सांगितलं, तेव्हा मला धीर आला. तुझ्यापुढं बसलेली ती मळ्यातली बाईसुद्धा म्हणाली होती ना, सुनेला सर्दी आहे म्हणून. खरं बोलली म्हणूनच तू तिचं घेतलंस.

मी सही केली. तुझाच प्रश्न विचारून केली. तेव्हा मला कळत नाही असं पुन्हा म्हणायचं नाही.

बिभीषण एक दिवस बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि लेस बांधता बांधता विचारलं, "दिले का?" म्हटलं, दिले. "मंग?" म्हटलं, झोपलाय. मग काचेपाशी जाऊन उभा राहिला आणि ओठांनी तो आवाज काढायला लागला, कोकरांना बोलवताना काढता ना, तो. सिस्टर ओरडल्या. पण आत बाळानं हात हलवला, हे मी शपथेवर सांगते. आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तो म्हणाला, "आईला दाखवायला पायजे हुतं." आणि लगेच म्हणाला, "पानी आनतो," आणि गेला तो बराच वेळ आलाच नाही.

आत्या, मला तू हवी आहेस. बाळासाठी नाही, मदतीला नाही. नुसती हवी आहेस. मागं भिंत नको, तू हवीस. केसात तेल घालताना डोकं हलवलं म्हणून तुझी टपली खायची आहे. एवढी मोठी झाले, लेकराची आई झाले, तरी दवाखान्यातून कुणीतरी मला घरी न्यायला यावं असं वाटतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तूच.

प्रांजली


गुरुवार, १२ फेब्रुवारी
दवाखाना, खिडकीपाशी

आत्या,

मागच्या गुरुवारी पत्र लिहिलं नाही. तू काहीच उत्तर पाठवलं नाहीस, मीही हट्टाला पेटले. आज लिहितेय ते मात्र लगेच, हातोहात पोचणार आहे.

आधी बाळाचं. थेंब त्याला मानवलेत. पोट मऊ, दूध वाढतंय, नाकाची नळी निघाली. गालांवर जरासं मांस धरलंय. नाक तुझं आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आवडाबाईनं तुला एकदाच बघितलं होतं आणि तीसुद्धा तेच म्हणाली.

त्याला आता छातीवर घ्यायचं असतं. कांगारू म्हणतात. नुसतं लंगोट आणि टोपी घालून, आपल्या उघड्या छातीवर उपडं झोपवायचं आणि वरून लुगड्यानं बांधून घ्यायचं, अगदी तू मला बांधायचीस तसं. जितका वेळ घ्याल तितकं चांगलं. मी बसते, पण टाक्यांच्या जागी दुखायला लागलं की उठावं लागतं. काल मॅडमनी विचारलं, घरातलं दुसरं कुणी आहे का? त्या म्हणाल्या, "अंगाची ऊब तर मिळतेच. पण ह्याला आता दवाखान्यातले जंतू नकोत, घरच्या माणसांच्या अंगावरचे हवेत. आता ते घ्यायला तो तयार आहे." मी म्हटलं, मॅडम, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग विचारलं, "आजी कुठं आहेत?"

मी म्हटलं, लांब आहेत, गोदाकाठी, तळावर.

संध्या सिस्टर औषध मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोण, तुमच्या आजी? त्या दर गुरुवारी खाली चहाच्या टपरीमागं बसलेल्या असतात की. मी ड्यूटी संपवून निघाले की गाठतात. दर वेळी एकच विचारतात, पोट फुगलं न्हाय ना? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

म्हणजे पहिलं पत्र तेवढं तळावर गेलं. पुढची सगळी नानांनी तुला त्या टपरीमागं वाचून दाखवली आणि तळावर परतल्यावर, तू तिथंच होतीस असं दाखवत मला फोन लावले! नाना, तुमच्याकडं नंतर बघते. मी वर बसून लिहितेय, मला तू हवी आहेस, आणि तू खाली माझ्या खिडकीखाली बसून ते ऐकतेयस आणि उठून चार पायऱ्या चढत नाहीस? का, तर लेकानं सांगितलं होतं म्हणून. "माझ्या लेकराच्या जवळ यिऊ नको." त्यानं काय म्हटलं तेही काल त्याच्याच तोंडून काढून घेतलं. तू त्याचा शब्द अक्षर न् अक्षर पाळलास. जवळ आली नाहीस आणि लांबही गेली नाहीस.

आज सकाळी मी त्याला ह्या खिडकीशी उभं केलं आणि खाली बघ म्हटलं. तू बसली होतीस, घोंगडी गुडघ्यावर, फाटकाकडं तोंड करून. तो किती वेळ बघत होता. मी म्हटलं, जा. तो म्हणाला, "कोन्या तोंडानं जाऊ? मला बोलता येत नाय प्रांजली, तुला ठावंय." ठाऊक आहे. लहानपणी मार खाल्ला तरी हा चुकलो म्हणायचा नाही, मुकाट्यानं जाऊन तुझ्यासाठी सरपण आणून टाकायचा. इथं सरपण कुठून आणणार?

मग मी म्हटलं, बोलू नको. मी लिहून देते, तू फक्त वाच.

म्हणून आज नानांना सुट्टी. आत्या, तुझ्यासमोर उभा राहून हे जो वाचतोय तो बिभीषण आहे. त्याच्याकडं बघू नको, अडखळेल. घोंगडीकडं बघ.

वर आलीस की हात कोपरापर्यंत धुवायला लावतील, साबण लावून, बराच वेळ. बांगड्या काढाव्या लागतील, आधीच सांगते, तिथं वाद घालू नको. चोळी सोडावी लागेल, पडदा आहे, लाजायचं कारण नाही. कनवटीला डबी असली तर ती नानांकडं दे. बाळ झोपेत दचकतं, घाबरू नको, सगळी तशीच दचकतात. मी आज त्याला अजून छातीवर घेतलेलं नाही. सिस्टरना सांगितलंय, आज आजी घेणार.

बिभीषण, आता थांबू नको. इथून पुढचं माझं नाही, तुझं आहे. मोठ्यानं वाच.

आई, त्या दिवशी जिन्यात म्या जे बोललो ते बोलायला नको हुतं. तुझ्या हातनं माझ्या लेकराला काय झालं नाय. झालं असतं तरी तू माझी आई हाईस. म्या रोज काचंपाशी उभा ऱ्हातो, पन त्याला कसं धरायचं ते मला येत नाय. तू दाखव. चल वर.

बिभीषण, पुढं काही लिहिलेलं नाही. कागद खिशात घाल आणि आईचा हात धर.